वायरलेस चार्जिंग : तार गेली नाही, जागा बदलली

इलेक्ट्रॉनिक सिटी (बेंगळुरू) : कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ महामंडळाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ३३२ एकर जमिनीवर या उद्योग वसाहतीची उभारणी सुरू केली, तेव्हा दूरध्वनी म्हणजे भिंतीला तारेने जोडलेले यंत्र होते. आज येथील नोकरदाराच्या खिशातील मोबाइलला संभाषणासाठी तार लागत नाही. वायरलेस चार्जिंगमुळे विजेची तारही सुटत असल्याचे चित्र आहे. प्रत्यक्षात ती सुटलेली नाही. चार्जिंगची चकती भिंतीतील सॉकेटला तारेनेच जोडलेली असते. तारेविना होतो तो केवळ अखेरच्या काही मिलिमीटरचा प्रवास.

इंडक्शन शेगडीचेच तत्त्व

या तंत्राचा पाया मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युत प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. मोबाइलच्या पाठीमागील वेटोळ्यात त्यामुळे पुन्हा वीज निर्माण होते आणि ती बॅटरीत साठविली जाते. घरातील इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते. मात्र तेथे भांडे तापणे हाच हेतू असतो, येथे उष्णता म्हणजे निव्वळ नुकसान.

दोन्ही वेटोळी समोरासमोर नसतील, तर ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो, फोन तापतो आणि चार्जिंग मंदावते. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य वारंवारच्या उष्णतेने घटते. त्यामुळे फोन चकतीवर नेमका बसणे महत्त्वाचे ठरते.

मानकाचे महत्त्व

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच चकतीवर चालावीत, यासाठी २००८ मध्ये वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संघटना स्थापन झाली. तिच्या ‘ची’ मानकाच्या नावाचा चिनी भाषेतील अर्थ जीवनऊर्जा असा आहे. या मानकानुसार फोन चकतीला सतत संदेश पाठवून किती वीज हवी हे कळवितो. सुरुवातीला ही क्षमता ५ वॉट होती. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची-२’मध्ये फोन योग्य जागी ओढून धरणारी चुंबके आली. त्याची क्षमता १५ वॉट होती, २०२५ मध्ये ती २५ वॉटपर्यंत पोहोचली.

नागपूरचा सहभाग

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने नागपूरच्या व्हीएनआयटी संस्थेसह विद्युत वाहनांसाठी १.५ किलोवॉटचा वायरलेस चार्जर विकसित केला आहे. मे २०२५ मध्ये हे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपविण्यात आले. वेटोळ्यांत साडेबारा सेंटिमीटरपर्यंत अंतर ठेवून त्याची कार्यक्षमता कमाल ८९.४ टक्के आहे. वाहनाखाली मोठे वेटोळे बसविता येते, म्हणून हे अंतर शक्य होते. फोनमध्ये तेवढी जागा नसते. मात्र सर्वोत्तम स्थितीतही शंभरातील दहाहून अधिक भाग ऊर्जा वाटेत खर्च होते, हेही या आकड्यावरून दिसते.

वापरताना काय पाहावे?

चकती आणि फोन यांच्यामध्ये नाणे, किल्ली किंवा धातूची पट्टी नसावी. ती धोकादायकरीत्या तापू शकते. चुंबकीय पट्टीची बँक कार्डे फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नयेत. जाड कव्हर काढावे आणि चार्ज होणारा फोन उशीखाली ठेवू नये. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी विशेष काळजी घ्यावी. ॲपलच्या सूचनेनुसार वायरलेस चार्जिंग सुरू असताना फोन अशा उपकरणापासून ३० सेंटिमीटरहून अधिक दूर असावा.

चार्जर घेताना वॉटच्या आकड्याबरोबरच तो प्रमाणित आहे का आणि आपल्या फोनशी त्याचे मानक जुळते का, हे तपासणे हिताचे. घाईच्या वेळी साधी केबलच अधिक जलद आणि कमी विजेत काम करते.