संगणकाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणे हा प्रत्येक संसारातील कसोटीचा प्रसंग होय. पलंग, कपाटे, मोठी भांडी ही सामग्री सहसा हरवत नाही, कारण ती डोळ्यांपुढे असते. हरवतो तो जमिनीचा उतारा, पेटीच्या तळाशी ठेवलेली वडिलांची पत्रे, नाहीतर कपाटाची किल्ली. नव्या घरी पोचल्यावर चार दिवसांनी त्यांची आठवण होते आणि तोवर जुन्या घराला दुसऱ्याचे कुलूप लागलेले असते. लॅपटॉपमधील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी एसएसडी बसविणे आणि संगणकाची सगळी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर नेणे हा असाच बिऱ्हाड हलविण्याचा प्रकार आहे. काम अवघड नाही. परंतु त्याचा क्रम चुकला तर झालेली हानी भरून येत नाही.

मुळात हा खटाटोप कशासाठी करावा, हे आधी पाहू. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेऊ लागला, की घरातील माणसे 'यंत्र म्हातारे झाले' असा निकाल देऊन मोकळी होतात. वस्तुतः त्या यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रे पाहणे या कामांना बहुधा पुरेसा असतो. खोळंबा होतो तो कोठारात. मेंदूने वस्तू मागावी आणि कोठीवाल्याने ती शोधत बसावे, अशी तेथील अवस्था असते.

हार्ड डिस्कची रचना ग्रामोफोनशी ताडून पाहिली म्हणजे हे चटकन ध्यानात येते. तिच्यात तबकड्या सतत फिरत असतात आणि त्यांवरून एक बारीक दांडी मागेपुढे सरकून मजकूर वाचते. फरक एवढाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हार्ड डिस्कचा वाचक तिच्यापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगतो. ही कल्पना जुनी आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली रामॅक नावाच्या संगणकासाठी अशी पहिली साठवण बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती ती केवळ ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणारी डिस्क त्याच्या लाखो पट मजकूर सांभाळते. परंतु तबकडी फिरते आणि दांडी सरकते, हे मूळ तत्त्व कायम आहे.

विलंबाचे मूळ तेथेच आहे. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो मजकूर वाचकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि दांडी योग्य जागी सरकण्यास आणखी वेळ जातो. दोन्ही मिळून एका शोधाला एका सेकंदाचा सुमारे साठावा भाग लागतो. हा काळ क्षुल्लक वाटतो खरा. पण संगणक सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहानमोठ्या नोंदी वाचाव्या लागतात आणि सेकंदाला साठच शोध होत असतील तर मिनिटामागून मिनिटे जाणारच. एसएसडीमध्ये फिरणारा वा सरकणारा कोणताही भाग नाही. तिच्यातील फ्लॅश स्मृतीचा शोध जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८० नंतरच्या दशकात लावला. येथे मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत राहतो आणि कोणताही कप्पा जवळजवळ सारख्याच त्वरेने हाती येतो. त्यामुळे सेकंदाला साठ नव्हे, तर अनेक हजार शोध होतात. नवी स्मृती किंवा नवा प्रोसेसर जे साधू शकत नाही, ते या एका बदलाने साधते ते यामुळेच.

खरेदीच्या वेळी पहिली दक्षता आकाराची घ्यावी. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची खण असतो आणि त्यात साटा जोडणीची एसएसडी बसते. ती सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट मजकूर वाचते. पुढील काळातील यंत्रांत २२ मिलिमीटर रुंद व बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी एम-टू नावाची पट्टी बसते. परंतु एम-टू हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती येतात आणि एका जातीच्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. म्हणून यंत्राची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. दुसरी दक्षता मापाची. जुनी डिस्क ५०० गिगाबाइटची आणि नवी ४८० ची असेल, तर हुबेहूब प्रत काढणारी अनेक साधने 'जागा अपुरी' म्हणून काम नाकारतात, मग जुनी डिस्क अर्धी रिकामी का असेना. नवी साठवण जुनीएवढी किंवा मोठी घेणे हेच श्रेयस्कर.

आता स्थलांतराचे दोन मार्ग संभवतात. पहिला हुबेहूब प्रत काढण्याचा, ज्याला क्लोनिंग म्हणतात. दुसरा नव्या साठवणीवर कार्यप्रणाली नव्याने बसवून केवळ आपले कागद तेवढे आणण्याचा. दुसऱ्या मार्गाने वर्षानुवर्षांचा केरकचरा मागे राहतो आणि यंत्र हलके होते, हे खरे. परंतु 'आपले कागद' कोठे आहेत, हे घरमालकाला नेहमीच ठाऊक असते असे नाही. डॉक्युमेंट्स नावाचे फोल्डर उचलले म्हणजे सारे आले, अशी अनेकांची समजूत असते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीतील खाती मात्र बहुधा त्या प्रणालीच्याच निराळ्या फोल्डरात असतात. दुकानाचे दहा वर्षांचे खाते मागे राहिल्याचे कळते ते कराचे विवरण भरायच्या दिवशी.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथील छापखाने, ग्रंथालये व मंडळे यांना विशेष जाणवणारी आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या खास फॉन्टमध्ये होत असे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असत. परिणामी मूळ फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. एखाद्या मंडळाच्या स्मरणिका, संस्थेचा इतिहास, वृद्ध लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित अशा फॉन्टमध्ये अडकलेले असू शकते. फाइल सुखरूप आली आणि फॉन्ट मागे राहिला, तर दागिन्यांचा डबा आला आणि किल्ली राहिली अशी गत होते. ज्या यंत्रावर असा मजकूर आहे, तेथे हुबेहूब प्रतीचा मार्ग अधिक सुरक्षित समजावा आणि सवडीने तो सारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा.

मार्ग कोणताही असो, पहिले पाऊल एकच: मोलाच्या सर्व फाइलींची एक वेगळी प्रत तिसऱ्याच साठवणीवर काढणे. क्लोन ही अशी प्रत नव्हे. प्रत काढतानाच घात होण्याचा संभव अधिक असतो, यास्तव तिसरी जागा हवी. प्रत काढल्यावर तिच्यातील दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे न मोजलेली नाणी थैलीत टाकणे होय. जुनी डिस्क खटखट आवाज करीत असेल किंवा वाचताना चुका दाखवीत असेल, तर क्लोनिंगचा विचार क्षणभर बाजूला ठेवून आधी अत्यंत निकडीच्या फाइली उतरवून घ्याव्यात. मरणोन्मुख डिस्ककडे तासन् तास काम करण्याची शक्ती उरलेली असतेच असे नाही.

दुसरे पाऊल कुलपाचे. अलीकडच्या विंडोज यंत्रांवर साठवणीला बिटलॉकर नावाचे सांकेतिक कुलूप लागलेले असते. कित्येकदा मालकालाही त्याची वार्ता नसते. घरातील फेरफार लक्षात आल्यास ते कुलूप ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते आणि तो नसेल तर आतील मजकूर कोणालाही, यंत्राच्या निर्मात्यालाही, उघडता येत नाही. म्हणून तो क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि प्रत काढण्यापूर्वी कुलूप उघडून ठेवावे. स्थलांतर पार पडल्यावर ते पुन्हा लावावे.

तिसरे पाऊल प्रत्यक्ष प्रतीचे. यासाठी विकाऊ आणि विनामूल्य अशी दोन्ही प्रकारची साधने उपलब्ध आहेत. तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला हे विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून सुरू होते, म्हणजे प्रत घेताना मूळ कार्यप्रणाली झोपलेली असते. एकच खण असलेल्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी प्रथम यूएसबीच्या तारेने बाहेरून जोडावी लागते. येथे संयम हवा. ५०० गिगाबाइटची पूर्ण डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीने उतरवायला दीड तासाच्या आसपास लागतो. यूएसबीची जोडणी जुन्या पिढीची असेल तर चार तासही लागतात. तेवढा वेळ वीजपुरवठा अखंड असला पाहिजे.

या सगळ्या उद्योगातील सर्वांत घातक क्षण मात्र अवघ्या एका ओळीचा असतो. साधन विचारते: मूळ कोणते आणि लक्ष्य कोणते? उत्तर उलटे दिले, तर कोऱ्या साठवणीची प्रत भरलेल्या साठवणीवर उतरते आणि घरच्या लग्नाची छायाचित्रे, मुलांचे बालपण, दुकानाची खाती सारे पुसले जाते. दोन्ही साठवणी सारख्याच मापाच्या असतील तर ही चूक अधिक सोपी होते. म्हणून केवळ मापावर विसंबू नये. प्रत्येक साठवणीवर छापलेले निर्मात्याचे नाव व क्रमांक आधी टिपून ठेवावा आणि पडद्यावर तोच पाहून मग होकार द्यावा. संशय आला तर काम थांबवावे. थांबण्याने काहीही बिघडत नाही.

प्रत काढताना केवळ 'सी' नावाचा विभाग घेऊन भागत नाही. आधुनिक विंडोजमध्ये त्याच्या मागे एक लहानसा, सहसा न दिसणारा ईएफआय विभाग असतो. यंत्र सुरू होताना प्रथम त्याचेच दार ठोठावले जाते. तो मागे राहिला, तर सारे सामान नव्या घरात असूनही उंबरठा नाही, अशी स्थिती होते आणि पडद्यावर 'सुरू करण्याजोगे काही सापडत नाही' असा संदेश येतो. सर्व विभाग एकत्र उतरविले म्हणजे हा प्रसंग टळतो.

चौथे पाऊल पेचांचे. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि आतील बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगावरील स्थिर वीज उतरविण्यासाठी आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. एम-टू पट्टी तिरकी घालून मग अलगद आडवी करावयाची असते. जोर लावावा लागला, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. पहिल्या वेळी नव्या साठवणीवरून यंत्र सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. हुबेहूब प्रतीला मूळचीच ओळखखूण मिळालेली असते आणि एकाच नावाची दोन माणसे समोर आली की कार्यप्रणालीचा गोंधळ उडतो. नवी साठवण मोठी असेल, तर उरलेली जागा विभागात सामावून घ्यावी. १ टेराबाइट विकत घेऊन पडद्यावर ९३१ दिसले, तर ती फसवणूक नव्हे. निर्माता हजाराच्या आणि विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक प्रश्न उरतो. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व ठरावीक काळानंतरचे प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आले. त्यामुळे जी जुनी यंत्रे एसएसडीने तरुण होतात, त्यांतील कित्येकांना नवी विंडोज अधिकृतपणे मिळत नाही. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी सोपी आवृत्ती बसविता येते आणि तिच्यात देवनागरी लेखनाची सोय मूळचीच असते. जुन्या फॉन्टवर किंवा विंडोजसाठीच बनलेल्या हिशेबप्रणालीवर ज्यांचा व्यवसाय अवलंबून आहे, त्यांनी मात्र ते साधन तेथे चालते की नाही याची खातरजमा आधी करून घ्यावी.

शेवटी जुन्या डिस्कचे काय करावे? नवे यंत्र झटपट सुरू झाले की हुरूप येतो आणि जुनी डिस्क लगेच पुसून टाकावीशी वाटते. तो मोह आवरावा. महिना-दोन महिने ती तशीच, वर तारीख लिहून, कपाटात ठेवावी. विसरलेल्या वस्तूची आठवण याच काळात होत असते. त्यानंतर ती टाकायची वा विकायची झाल्यास आतील मजकूर नीट पुसल्याखेरीज भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. एसएसडीही अमर नव्हे. तिच्या कप्प्यांना लेखनाची मर्यादा असते आणि बिघडते तेव्हा ती हार्ड डिस्कसारखी खटखट करून पूर्वसूचना देईलच असे नाही. म्हणजे वेग वाढला तरी वेगळ्या प्रतीची गरज कमी होत नाही. नव्या घरी राहायला गेलेल्या माणसाने जुन्या घराची किल्ली परत करण्यापूर्वी प्रत्येक खोलीतून एकदा फिरून यावे, असे वडीलधारी सांगत आले आहेत. संगणकाच्या बिऱ्हाडालाही तोच नियम लागू आहे.