घरात ‘बंदूक’ येते तेव्हा...

नाशिकच्या मुलांना बंदुकीचं वेड मुद्दाम लावावं लागत नाही. देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा, गावात १९३७ पासूनची भोसला सैनिकी शाळा, आणि नवरात्रात कालिकादेवीच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुका! दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हाती न घेतलेला मुलगा विरळाच. पण अलीकडे काही घरांत जी वस्तू दिसू लागली आहे ती या पिस्तुलाची थोरली बहीण नव्हे. ती वेगळ्याच घराण्यातली. तुमच्या घरी हट्ट सुरू होण्याआधी तिची नीट ओळख असलेली बरी.

हिचं नाव एअरसॉफ्ट. जन्म जपानमधला, १९७०च्या दशकातला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं फार कठीण. म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या, पण ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका निघाल्या. आमच्या जाऊबाईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे अशीच एक स्प्रिंगवर चालणारी, छर्ऱ्याच्या बंदुकीची प्रतिकृती आली. ती मी हाताळून पाहिली.

पहिली गोष्ट मनात भरते ती ही, की ती खेळण्यासारखी दिसतच नाही. काळीकुळकुळीत, चांगली दोन हात लांब. संध्याकाळच्या उजेडात कुणी खिडकीतून पाहिली तर खरीच वाटेल! पुढची मूठ मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलायची, की ती तयार. ही मूठ ओढणं मात्र सोपं नाही. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना लागतो तसा जोर लागतो. दहा वेळा ओढली की दंड भरून येतात. बॅटरी नाही, गॅस नाही. दर बाराला पुन्हा ओढायचं.

आतली करामत कळायला रंगपंचमीची पिचकारी आठवा. पिचकारीत आपण दट्ट्या हाताने ढकलतो, इथे ते काम स्प्रिंग करते. मूठ ओढली की स्प्रिंग दाबली जाते, घोडा दाबला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि कोंडलेली हवा गोळीला बाहेर फेकते. खऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकीची नक्कल म्हणून काही बंदुकांतून एका बाराला तीन गोळ्या सुटतात. ही त्यांतलीच.

आम्ही गच्चीवर, सगळ्यांनी डोळे झाकणारे चष्मे लावून, पाच पावलांवरून खोक्याला लावलेल्या वर्तमानपत्रावर बार केला. कागदाला स्वच्छ तीन भोकं! पंधरा पावलांवर मात्र नेम राहिला नाही, गोळ्या वाटेल तिकडे. आणि उरलेल्या गोळ्या? त्या आपटून उडाल्या, दोन दिवस झाडताना कुंड्यांमागे सापडत होत्या. घरात रांगतं मूल असेल तर एवढी एक गोष्टही पुरेशी आहे. मटारएवढी गोळी नाकात, कानात किंवा घशात जायला कितीसा वेळ?

आता जोराचा हिशेब. गोळीचं वजन सुमारे ०.२ ग्रॅम. ती सेकंदाला ६० मीटरने सुटली तर तो वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. तरी तिची ताकद एक ज्यूलच्या आतच. शंभर ग्रॅमची वाटी एक मीटर उचलायला लागते तेवढीही नाही. अंगावर बसली तर चुरचुरेल, लाल वळ उठेल. पण डोळ्यावर बसली तर? आत रक्त साकळू शकतं, नजर कायमची अधू होऊ शकते. असं झालंच तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, दूध, मध, गुलाबपाणी काहीही घालायचं नाही. डोळ्याला न टेकेल अशी स्वच्छ वाटी वरून धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

दुसरा धोका दिसण्याचा. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात २०१४ साली बारा वर्षांचा एक मुलगा बागेत अशीच बंदूक घेऊन खेळत होता. ती नकली आहे हे दाखवणारं नारिंगी टोक काढून टाकलेलं होतं. पोलिसांना ती खरी वाटली, त्यांनी गोळी झाडली आणि मुलगा गेला. आपलं गाव क्लीव्हलँड नव्हे, हे खरं. पण रस्त्यावरच्या माणसाला नकली-असली कळत नाही, हे सगळीकडे सारखंच.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. ही त्याच्या कितीतरी खाली. पण जोर कमी म्हणजे खेळणं, असं नव्हे बरं का! १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. खोक्यावर तो आहे का, वय काय लिहिलंय, हे वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

‘मुळीच नको’ म्हटलं तर पोरं मित्राच्या गच्चीवर जाऊन खेळतात, हे आपण आया जाणतोच. मोठ्या मुलासाठी घेतलीच, तर एवढं ठरवून टाका :

१. चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, पाहणाऱ्यांनीसुद्धा.
२. माणूस, मांजर, पाखरू यांच्यावर रिकामीसुद्धा रोखायची नाही.
३. रस्त्यावर, बसमध्ये, शाळेत न्यायची नाही. न्यायचीच तर खोक्यात.
४. खेळ संपला की गोळ्या मोजून डबीत; बंदूक आणि डबी वेगवेगळ्या कपाटांत, किल्ली आईकडे.

आणि मुलाला खरोखरच नेमाची गोडी असेल, तर त्याला रीतसर शिकवणीला घाला. पॅरिसला २०२४ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचे धडे नाशिकमध्येच गिरवले. मुलींनाही मागे ठेवू नका. अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचली, तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली. तिथे पहिला धडा बंदूक कशी खाली ठेवायची याचाच असतो. घरातही तोच आधी शिकवू या.