10 जुलैची सुट्टी



मी नोएडात राहतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या दीदी झारखंडच्या, खुंटीकडच्या. नाताळची सुट्टी त्या घेतातच, पण एकदा त्यांनी 10 जुलैची सुट्टी मागितली. ना रविवार, ना कुठला सण! मी विचारलं, "त्या दिवशी काय असतं?" त्या म्हणाल्या, "आमचं चर्च त्या दिवशी आपल्या पायावर उभं राहिलं."

आज त्याच चर्चची गोष्ट. त्याचं नाव गॉस्नर इव्हँजेलिकल लुथरन चर्च. लुथरन म्हणजे 16व्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथर यांनी सुरू केलेली धर्मसुधारणेची परंपरा मानणारे. योहानेस गॉस्नर हे बर्लिनचे धर्मगुरू. त्यांनी 1844 मध्ये चार तरुण मिशनरी भारताकडे पाठवले. चौघे कलकत्त्यात थांबले असताना त्यांना रस्त्यावर राबणारे छोटा नागपूरचे मजूर दिसले. हे लोक कुठले, याची चौकशी करत ते 2 नोव्हेंबर 1845 रोजी रांचीला पोहोचले, असं या चर्चच्या इतिहासात सांगतात.

सुरुवात सोपी नव्हती. उरांव लोकांतला पहिला बाप्तिस्मा व्हायला साडेचार वर्षं लागली. 9 जून 1850 रोजी चार उरांव माणसांनी तो घेतला. रांचीतलं ख्राइस्ट चर्च 1855 च्या नाताळात उघडलं. पुढे शाळा निघाल्या. बिरसा मुंडा लहानपणी चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेतच शिकले. नंतर ते मिशनपासून दूर झाले आणि जमिनीच्या हक्कासाठी इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, हे आपण जाणतोच.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मनी इंग्रजांचा शत्रू, म्हणून 1915 मध्ये जर्मन मिशनऱ्यांना इथून जावं लागलं. पैसा थांबला, चालवणारेही गेले. अँग्लिकन चर्चमध्ये विलीन व्हावं, हा मार्ग समोर होता. त्यात सोय होती, सरकारची मर्जीही होती. पण उरांव, मुंडा मंडळींनी ठरवलं, आपलं चर्च आपणच चालवायचं. 10 जुलै 1919 रोजी त्यांनी स्वायत्तता जाहीर केली. हानुक दत्तो लकडा पहिले अध्यक्ष झाले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा अजून 28 वर्षं होती!

म्हणून या चर्चला वर्षात दोन दिवस मोठे. 2 नोव्हेंबरला बाहेरून कोणी आलं, त्याची आठवण. 10 जुलैला बाहेरचे गेल्यावर आपण काय केलं, त्याची आठवण. मला विचाराल तर दुसरा दिवस जास्त मोलाचा. संस्था कोणी सुरू केली हे पाटीवर लिहिलेलं असतं. अडचणीत ती कोणी तगवली, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. 1845 साली कलकत्त्यातल्या मजुरांना कोणीतरी विचारलं होतं, "तुम्ही कुठले?" आज त्याच मुलखातली माणसं दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये घराघरांत राबतात. आपण मराठी माणसं इथे गणपती बसवतो, 1 मे साजरा करतो. कोणी कौतुकाने विचारलं तर भरभरून सांगतो. तसंच त्यांनाही सांगायचं असतं. दीदी कित्येक वर्षं आमच्याकडे येत होत्या आणि मी पहिल्यांदा विचारलं, तेही सुट्टीपायी.

आता 10 जुलैला आमच्याकडे स्वयंपाक मी करतो. तुमच्या घरी येणाऱ्या माणसाला एकदा विचारून बघा.