दोन भांड्यांचा चहा

पहाटेची नमाज होऊन गेलेली, लाड बाजारातील बांगड्यांच्या दुकानांच्या फळ्या अद्याप उघडलेल्या नाहीत, आणि 1591 साली मुहम्मद कुली कुतुबशहाने उभारलेल्या चारमिनारच्या कमानींखालून कबुतरांखेरीज कोणाची ये-जा नाही, अशा वेळी त्या परिसरातील इराणी हॉटेलात मात्र भर दुपारची वर्दळ असते. हमाल, रिक्षावाले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले शिपाई, मशिदीतून परतणारे वृद्ध असे सारे संगमरवरी मेजांभोवती, बहुतेक उभ्यानेच, कप आणि बशी हाती धरून असतात.

मी तेथे गेलो तो आजोबांच्या एका शेऱ्यामुळे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली आणि त्यानंतरही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आमच्याकडील अनेक घरांतील कर्त्या पुरुषांचे शिक्षण आणि कचेरीचे कामकाज उर्दूतून झाले. आजोबा उस्मानिया विद्यापीठात गणितसुद्धा उर्दूतून शिकले होते. परभणीच्या घरी आजी दूध, साखर आणि पत्ती एकाच पातेल्यात उकळून चहा करी. तो ते आनंदाने घेत, परंतु बशीला अखेरपर्यंत ‘पिर्च’ म्हणत आणि कप खाली ठेवताना, कागदावर अभिप्राय नोंदवावा तशा गांभीर्याने, ‘चांगला आहे, पण दमाचा नव्हे’ असे म्हणत. दमाचा म्हणजे नेमका कसा, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर पहाटे उतरून मी सरळ भट्टीपाशी जाऊन उभा राहिलो. भट्टीमागे पन्नाशीचा एक गृहस्थ होता. हॉटेलातील पोरे त्याला ‘उस्ताद’ म्हणत. त्याच्या डाव्या हाताला अरुंद तोंडाची, पोटात फुगीर अशी तांब्याची देगची होती. तिच्या तोंडावर पांढरे फडके ताणून बांधलेले आणि वर झाकण. आत पाणी, बारीक भुकटीची पत्ती आणि साखर. खाली आच इतकी मंद की ज्वाला दिसण्याऐवजी जाणवतच होती. बिर्याणीला जो दम देतात तोच हा दम: वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणजे तिच्याबरोबर गंधही जात नाही. उजव्या हाताला रुंद तोंडाच्या पातेल्यात दूध, पहाटेपूर्वीच चढवलेले. आटता आटता त्याला हस्तिदंतासारखी छटा आलेली, आणि दूध बुडाला लागू नये म्हणून उस्तादांची पळी त्यात सतत फिरत असलेली.

ही दोन भांडी शेजारी शेजारी असूनही कपापर्यंत एकमेकांस भेटत नाहीत, आणि माझ्या मते या चहाचे सारे मर्म येथेच आहे. पत्ती दुधात घालून उकळली की दोहोंना एकच आच सोसावी लागते. दुधाला हवी असते दीर्घकाळ आटण्याची, पत्तीला हवी असते बंद भांड्यातील मुरण्याची. दमावर राहिलेल्या अर्कात पत्तीचा तुरटपणा पुरेपूर उतरतो, म्हणून नुसता अर्क जिभेवर ठेवला तर जीभ आखडते. परंतु दाट दूध त्यात पडले की दुधातील प्रथिने त्या तुरट द्रव्यांना बांधून घेतात, आणि उरतो तो केवळ भारदस्तपणा. उस्ताद फडक्यातून अर्क कपात सोडीत, त्यावर पळीने दूध ओतीत, आणि रंग जर्दाळूसारखा झाला की हात थांबे. मी प्रमाण विचारले. ‘नापना नक्को साब, रंग देखना,’ ते म्हणाले. त्यांच्या दखनीतला तो ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा, हे कानाला फार सुखावून गेले.

न्याहारीला मी नहारी-कुलचा मागवला. ‘नहार’ म्हणजे दिवस. रात्रभर मंदाग्नीवर शिजलेला हा पायाचा रस्सा दिवसाच्या पहिल्या प्रहरी खायचा, म्हणून ते नाव. त्यासोबतचा चौकोनी नान, ज्याला तेथे ‘चार कोने की नान’ म्हणतात, पुरानी हवेलीजवळ 1851 साली सुरू झालेल्या मुनशी नानच्या भट्टीतला होता. मूळ संस्थापक निजामाच्या दप्तरात मुनशी होता, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तो नान तोडून रश्श्यात बुडवला की मऊ पडतो, पण त्याच्या चार कोपऱ्यांची कड शेवटपर्यंत दाताला जाणवते. त्यावर चहा आणि उस्मानिया बिस्किट. खारट आणि गोड यांच्या सीमेवरचे ते ठिसूळ बिस्किट चहात क्षणभरच बुडवावे लागते. अधिक वेळ ठेवले तर विरघळून तळाशी जाते.

नाव इराणी असले तरी असा चहा इराणात कोणी पीत नाही. तेथे तो बिनदुधाचा, साखरेचा खडा दातांत धरून पितात. आणि त्या देशात चहाची लागवड रुजवली ती काशेफ-उस्-सल्तने याने. हिंदुस्थानात इराणचा वाणिज्यदूत असताना ती विद्या शिकून, शतक पालटण्याच्या सुमारास, त्याने येथील रोपे लाहिजानच्या टेकड्यांवर नेली. साधारण त्याच काळात यझ्द आणि केरमानकडील माणसे उपजीविकेसाठी मुंबई-पुण्यास येऊन चहाची दुकाने थाटीत होती, आणि पुढे हा व्यवसाय हैदराबादेतही स्थिरावला. रोप तिकडे गेले, दुकान इकडे आले, आणि दूध आपण घातले. या देवघेवीचा विचार करताना मला उगाचच आजोबांच्या उर्दू गणिताची आठवण झाली.

दुसरा कप मी पिर्चमध्ये ओतून घेतला. तोवर देगची रिकामी झाली होती. उस्तादांनी चोथा काढून टाकला, फडके पिळून धुतले, नवे पाणी चढवले. घरी न्यायला पत्ती कोणती घ्यावी, असे मी विचारले.

‘पत्ती कोई बी लेओ साब,’ झाकण बसवता बसवता ते म्हणाले, ‘पन बर्तन दो रखो.’

बाजाराच्या तोंडाशी भांड्यांचे एक दुकान तेवढ्यात उघडले होते. तेथून मी अरुंद तोंडाची, आतून कल्हई केलेली एक लहान देगची घेतली.