थायरॉइड काढल्यानंतरचा हिशोब

थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, की विषय संपला असे पुष्कळांना वाटते. माझी ग्रंथी संपूर्ण काढल्याचे मंडळात कळल्यापासून मला फोन येतात आणि प्रश्न बहुधा तेच असतात : गोळी चालू असूनही थकवा का? रिपोर्ट दर वेळी वेगळा का? मी डॉक्टर नाही. पण जी गोळी जन्मभर घ्यायची, तिच्यामागचे गणित ठाऊक असलेले बरे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मानेच्या पुढच्या भागात असणाऱ्या या ग्रंथीला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. ती नसेल तर काय होते, हे स्वित्झर्लंडमधील बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ साली नोंदवले. ग्रंथी पूर्ण काढलेले त्यांचे रुग्ण हळूहळू सुस्त, सुजलेले आणि मंदबुद्धी होत गेले. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशाच एका बाईंना बरे केले. त्या पुढे सुमारे २८ वर्षे जगल्या. आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी त्याच वाटेवरची. ती काही दिवस घेऊन बंद करण्याचे औषध नव्हे. शरीराला रोज लागणारी वस्तू आपण बाहेरून पुरवत असतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टी.एस.एच. नावाचा हुकूम सोडते. थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की टी.एस.एच. वाढतो, जास्त झाले की उतरतो. आता हा हुकूम पाळणारे कोणी घरात उरलेले नाही. तो रक्ततपासणीत वाचायचा आणि त्याप्रमाणे डोस ठरवायचा, हे काम डॉक्टरांचे आणि आपले.

पूर्ण डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. या हार्मोनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर खरा आकडा कळायला सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून स्वतःच गोळी वाढवू नये. जास्त डोसाने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात. टी.एस.एच.ची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. पण कॅन्सरमुळे ग्रंथी काढली असेल तर काही रुग्णांत तो मुद्दाम त्याहून खाली ठेवतात. तेव्हा शेजारच्या वहिनींच्या रिपोर्टशी आपला ताडून पाहू नये.

गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात गेली असे नाही. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. उपवासाच्या दिवशीही चुकवू नये. कॉफीने ती कमी शोषली जाते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनी तर फारच. या दोन्हींत आणि तिच्यात चार तासांचे अंतर हवे. मल्टिव्हिटॅमिनमध्येही ही दोन्ही असू शकतात, हे लक्षात राहत नाही. सकाळी जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. वेळ कोणतीही असो, रोज तीच असावी.

आता कॅल्शियम. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला तर पहिल्या काही दिवसांत ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, पेटके येतात. असे झाले तर सोमवारची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. पेटके वाढले किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी गाठावी. साध्या ड जीवनसत्त्वाला त्याचे काम करणारे रूप मूत्रपिंडात मिळते, आणि त्यासाठी परावटूचे हार्मोन लागते. ते नसेल तर नुसते ड जीवनसत्त्व पुरत नाही. म्हणून डॉक्टर कॅल्सिट्रिऑल देतात. ज्यांच्या परावटू शाबूत आहेत त्यांनीही ड तपासून घ्यावे. सावळ्या कातडीत ते उन्हापासून हळू तयार होते, आणि इथल्या हिवाळ्यात ऊन मिळते किती?

थकव्याचे खापर दर वेळी थायरॉइडवर फोडणेही बरे नव्हे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नवलाचे नाही. त्यानेही थकवा येतो, विसराळूपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी उतरू शकते. आम्लपित्तावर ओमेप्राझोलसारखी गोळी बराच काळ घेतली तर बी-१२ आणि थायरॉइडची गोळी, दोन्हींचे शोषण घटू शकते. कॅल्शियम कार्बोनेटलाही पोटातले आम्ल लागते. अशा वेळी डॉक्टर सायट्रेट सुचवतात.

केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. बाजारातल्या गोळीत ५,००० किंवा १०,००० असतात. त्याने शरीरातले हार्मोन बदलत नाही, पण काही तपासण्यांचे आकडे फसवे येतात. टी.एस.एच. खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो, आणि विनाकारण डोस घटवला जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने २०१७ साली बायोटिनमुळे तपासण्या चुकू शकतात असा इशारा दिला होता. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

भारतात जाताना गोळ्या पुरेशा आणि हातातल्या बॅगेत घ्याव्यात. उष्णता आणि दमट हवा त्यांना मानवत नाही. वेळेच्या फरकाची चिंता नको, काही तासांनी बिघडत नाही. तिथे दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यावी लागली तर पाकिटावरचे मायक्रोग्रॅम वाचावेत, रंगावर जाऊ नये. तीच पुढे चालू राहिली तर सहा आठवड्यांनी टी.एस.एच. पाहावा. आणि घरातल्या लेकी-सुनांपैकी कोणाची थायरॉइड काढलेली असेल, तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना फोन करावा; गरोदरपणात डोस सुरुवातीपासूनच वाढवावा लागतो.

मी एक साधी वही ठेवली आहे. तारीख, डोस, गोळीची कंपनी, टी.एस.एच., कॅल्शियम, ड आणि बी-१२, एवढेच रकाने. नवे डॉक्टर भेटले की ती पुढे करतो. पंधरा मिनिटांच्या भेटीत ‘मला बरे वाटत नाही’ यापेक्षा दोन वर्षांचे आकडे जास्त बोलतात.