गळणाऱ्या फ्रेम आणि बिनदोष कॅसेट

1995 साली बाजारात आलेल्या मिनी-डीव्ही कॅसेटवर पुढची दहा-पंधरा वर्षे लग्ने, मुंजी, कुस्तीची मैदाने आणि दसऱ्याचे सोहळे चित्रित होत राहिले, आणि कोल्हापुरातील अनेक घरांत व व्हिडिओ शूटिंगच्या दुकानांत त्या कॅसेट आजही कपाटात पडून आहेत. त्यांतील चित्रण संगणकावर उतरवताना, म्हणजे कॅप्चर करताना, काही फ्रेम नोंदल्याच जात नाहीत, चित्र झटका घेऊन पुढे सरकते आणि सॉफ्टवेअर 'ड्रॉप' झालेल्या फ्रेमचा आकडा दाखवू लागते. त्यानंतर जे निदान हमखास ऐकू येते, तेच बहुतेक वेळा चुकीचे असते.

गैरसमज : फ्रेम गळाल्या, म्हणजे कॅसेट खराब झाली.

वस्तुस्थिती : कॅसेटमधील दोष आणि गळलेली फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे धडधाकट कॅसेट कचऱ्यात जातात. फितीचा एखादा भाग झिजला किंवा कॅमेऱ्याचे हेड मळले, तर कॅमेरा न वाचता आलेल्या चौकोनी तुकड्यांच्या जागी सहसा आधीच्या फ्रेममधील तुकडे बसवतो. त्यामुळे चित्रात चौकटी उमटतात, आवाज तुटतो, पण फ्रेमची संख्या बहुधा पूर्ण राहते. गळलेली फ्रेम मात्र कॅमेऱ्यातून सुखरूप निघालेली असते आणि संगणकाच्या दारात हरवते.

याचे कारण डीव्हीच्या रचनेत आहे. 'आयईसी 61834' या आंतरराष्ट्रीय मानकात ही रचना नोंदलेली असून, भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत प्रत्येक फ्रेम 1,44,000 बाइटची आणि सेकंदाला अशा 25 फ्रेम असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 3.6 मेगाबाइट आणि तासाला सुमारे 13 गिगाबाइट माहिती फायरवायर केबलमधून संगणकाकडे जाते. हा प्रवाह कोणासाठी थांबत नाही, आणि संगणकाने एखादी फ्रेम घेतली नाही तर कॅमेरा ती पुन्हा पाठवत नाही. अँटिव्हायरसने त्याच क्षणी तपासणी सुरू केली, ऑनलाइन बॅकअप जागा झाला किंवा काठोकाठ भरलेली हार्ड डिस्क मोकळी जागा शोधत अडखळली, की तात्पुरत्या साठ्याची मेमरी भरते आणि पुढच्या फ्रेम वाया जातात.

यावर 'मग नवा, महागडा संगणक घ्या' हा सल्लाही तितकाच पोकळ आहे, कारण 2000 सालच्या आसपासचे संगणकसुद्धा हा वेग पेलत होते आणि आजची साधी हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. प्रश्न सरासरी वेगाचा नसून क्षणभराच्या खोळंब्याचा आहे. म्हणून कॅप्चरसाठी वेगळी, निम्मी तरी रिकामी डिस्क वापरावी, इंटरनेट व इतर प्रोग्रॅम बंद ठेवावेत आणि संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सोय काढून टाकावी.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची कसोटी बिनखर्चाची आहे. कॅसेटचा तोच भाग तीनदा कॅप्चर करावा आणि प्रत्येक वेळी बिघाडाच्या जागेचा टाइमकोड, म्हणजे फितीवरच नोंदलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक, टिपून ठेवावा. जागा दर वेळी बदलत असेल, तर दोष संगणकाचा किंवा केबलचा. ती तीच राहत असेल, तर फितीचा किंवा चित्रणात पडलेल्या खंडाचा. मीडियाएरिया या संस्थेचे 'डीव्ही-रेस्क्यू' हे मोफत साधन तर कॅमेऱ्याने झाकलेले तुकडेही फ्रेमनिशी दाखवते.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. व्हीएचएससारख्या ॲनालॉग फितीत चित्राची लय सांभाळणारे संकेत डळमळीत असल्याने तेथे फ्रेम गळण्यास फीतच कारण असू शकते, आणि ते संकेत सावरणारे टाइम बेस करेक्टर हे यंत्र मध्ये जोडावे लागते.

इतर गैरसमज थोडक्यात

*कॅप्चर विसाव्या मिनिटाला थांबते, म्हणजे फीत अडकते.* फॅट-32 पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल 4 गिगाबाइटपेक्षा मोठी होत नाही आणि डीव्हीची तेवढी फाइल 20 मिनिटांत भरते. डिस्क एनटीएफएस करावी.

*कॅमेऱ्याची यूएसबी केबल पुरते.* बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ती छायाचित्रांसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असते. मूळ दर्जासाठी फायरवायरच हवी.

*महाग सॉफ्टवेअरने चित्र सुधारते.* येथे माहितीची केवळ नक्कल होते. 'विनडीव्ही'सारखे मोफत सॉफ्टवेअरही तीच माहिती उतरवते.

*चौकटी दिसल्या की क्लीनिंग कॅसेट फिरवत राहावी.* ती हेडला घासते, म्हणून काही सेकंदच पुरे. शिवाय एलपी (लाँग प्ले) वेगात, म्हणजे फीत सावकाश फिरवून केलेले चित्रण आधी मूळ कॅमेऱ्यातच लावून पाहावे.

*पुरात भिजलेली कॅसेट वरून वाळली की चालवता येते.* कोल्हापुरातील 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजलेल्या कॅसेट तज्ज्ञांकडून साफ होईपर्यंत कोणत्याही यंत्रात घालू नयेत. पावसाळ्यात कॅमेऱ्याने आत दव धरल्याची खूण दाखवली, तर कोरडी कॅसेटही तासभर थांबूनच लावावी.

बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' (1920) या कोल्हापुरात घडलेल्या मूकपटाची प्रत आज पाहायला मिळत नाही. मिनी-डीव्ही कॅसेट मात्र अजून हाताशी आहेत, आणि त्या चालवणारे कॅमेरे व फायरवायरचे संगणक दरवर्षी दुर्मिळ होत आहेत. म्हणून कॅसेट टाकून देण्यापूर्वी तीनदा कॅप्चर करून टाइमकोड ताडून पाहावा, आणि तोवर दोष तिच्या माथी मारू नये.