दोन चॅनेलपासून १२८ ट्रॅकपर्यंत

मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं १९९१ साली वेव्ह फाइल आणली, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा माफक होती. रचनाही सुटसुटीत. पहिल्या चार बाइटमध्ये 'आरआयएफएफ' ही अक्षरं, पुढच्या चारमध्ये आकार, मग चॅनेल किती आणि सेकंदाला सॅम्पल किती याची नोंद, आणि त्यामागे प्रत्यक्ष आवाज. चॅनेल वाढले तरी मांडणी तीच : एका क्षणाचं प्रत्येक चॅनेलचं एकेक सॅम्पल ओळीनं, मग पुढच्या क्षणाचं. सहा चॅनेल ठेवायला तिची ना नव्हती. कोणता चॅनेल कुठल्या स्पीकरचा, एवढंच तिला सांगता येत नव्हतं.

१९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटलचा ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा, आवाज थिएटरांत आला. पुढं असे मिक्स संगणकावर होऊ लागले आणि ही उणीव बोचू लागली. चित्रपटाच्या मिक्सिंगमध्ये डावा, मधला, उजवा असा क्रम रूढ. इतरत्र डावा, उजवा, मधला. क्रमाची गफलत झाली की नायकाचे संवाद पडद्याच्या मध्याऐवजी उजव्या कोपऱ्यातून यायचे. शतक बदलताना मायक्रोसॉफ्टनं हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींत, ३२ बिटांचा एक आकडा घातला आणि त्यातले १८ बिट स्पीकरच्या १८ जागांना नेमून दिले. क्रमाची माहिती आता फाइलमध्येच आली.

दुसरी अडचण आकाराची. चार बाइटमध्ये ४ जीबीपुढचा आकडा मावत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ८ चॅनेल असं ध्वनिमुद्रण केलं, तर ही मर्यादा जेमतेम ६२ मिनिटांत गाठली जाते. एखादी मैफल यात कशी बसावी? युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं आरएफ६४ काढून यावर जो तोडगा दिला, तो मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत देखणा वाटतो. मुद्रण सुरू करतानाच हेडरजवळ थोडी रिकामी जागा राखायची. फाइल ४ जीबीच्या आत राहिली, तर ती साधी वेव्हच. मर्यादा ओलांडली, तर सुरुवातीची अक्षरं बदलायची आणि राखलेल्या जागेत ६४ बिटांचा खरा आकार लिहायचा. ध्वनीला हातही लावावा लागत नाही.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं बीडब्ल्यू६४ हे आरएफ६४ वर बेतलेलं फाइल-स्वरूप आणि त्यासोबत ऑडिओ डेफिनिशन मॉडेल प्रमाणित केलं. आता ट्रॅक एखाद्या स्पीकरला बांधलेला असायलाच हवा असं नाही; हेलिकॉप्टरचा आवाज कोणत्या क्षणी कुठं असावा, हेही फाइलमध्येच लिहिता येतं. डॉल्बी अ‍ॅटमॉसची मास्टर फाइल याच पद्धतीनं १२८ ट्रॅकपर्यंत सामावून घेते.

इतकं बदलूनही १९९१ ची फाइल आज बिनबोभाट उघडते, कारण प्रत्येक टप्प्यावर जुना पाया राखूनच नवं बांधलं गेलं आणि सगळी रचना जाहीर राहिली. ज्यांच्या कपाटांत मैफली, नाटकं, लोकगीतं यांची बहुचॅनेली मुद्रणं आहेत, त्यांनी ती अशाच खुल्या स्वरूपात ठेवावीत आणि कोणत्या ट्रॅकवर काय आहे, हे आजच फाइलमध्ये नोंदवावं. ट्रॅक ओळखणारी माणसं आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपं आहे.